पोरं गप्प झालीत, पण ऐकत नाहीयेत

या वेळचं पत्र एका मॅडमचं आहे, बरंच मोठं आहे म्हणून कापून सांगते. मॅडम तरुण, नोकरीचं दुसरं वर्ष, नववीला गणित शिकवतात. स्वतः शाळेत असताना सगळे खडूस शिक्षक वाट्याला आले म्हणून त्यांनी ठरवलेलं की आपण पोरांशी मैत्रीने वागायचं. पहिलं वर्ष मस्त गेलं. मधल्या सुट्टीत पोरं टेबलाभोवती, सगळ्यांना फोन नंबर दिलेला, रात्रीसुद्धा मेसेज चालू. यंदा मात्र बिनसलं. अर्धा वर्ग गृहपाठ करेना, मार्क कापले तर एक मुलगा सगळ्यांसमोर म्हणाला, "मॅडम, तुम्ही तर आमच्या फ्रेंड ना, मग मार्क कशाला कापताय?" वर्ग खो खो हसला आणि मॅडमचा तोल गेला. "तुझं आयुष्यात काही होणार नाही, बस तसाच मागे" वगैरे बरंच बोलून गेल्या. तेव्हापासून तो मान वर करत नाही. परवाच्या चाचणीत दोन गणितं सोडवली, दोन्ही चूक, बाकी पेपर कोरा. मॅडमनी शून्य देऊन खाली "अभ्यास कर" लिहिलं. बाकीचा वर्ग चिडीचूप. स्टाफरूममधले एक सीनियर सर म्हणतात, बरं झालं, धाक पहिल्या दिवसापासूनच ठेवायला हवा होता. मॅडम विचारतायत की मैत्री केली हेच चुकलं का, माफी मागू का, मागितली तर पोरं डोक्यावर बसतील का, आणि त्या मुलाच्या आईवडिलांना बोलावून घेऊ का.

मॅडम,

आधी त्या सरांचं बघू, कारण पत्रात त्यांचं वाक्य तुम्ही दोनदा लिहिलंय म्हणजे ते तुम्हाला चांगलंच लागलेलं दिसतंय. सर अर्धे बरोबर आहेत. वर्ग कोण चालवतंय हे पोरांना स्पष्ट दिसायलाच लागतं, आणि तुमच्या वर्गात गेल्या वर्षी ते दिसत नव्हतं. पण सरांच्या डोक्यात आणि तुमच्याही डोक्यात एकच गृहीतक आहे, की एका टोकाला मैत्री आणि दुसऱ्या टोकाला धाक, जेवढं इकडे सरकाल तेवढं तिकडचं सुटणार. तसं नसतं हो. नेदरलँड्समध्ये थिओ वुबल्स नावाचे शिक्षण-संशोधक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकापासून यावर काम केलंय, ते थेट पोरांना विचारायचे की तुमचे हे सर, या मॅडम वर्गात कशा वागतात. त्यासाठी त्यांनी टिमथी लिअरीची १९५७ सालची माणसामाणसांतल्या वागण्याची मांडणी घेतली (हो तोच लिअरी, जो पुढे एलएसडी या नशेच्या पदार्थामुळे जगभर गाजला, माणूस कुठून कुठे जाईल सांगता येत नाही). त्यात दोन वेगवेगळ्या गोष्टी मोजतात, एक म्हणजे वर्गावर पकड किती आणि दुसरी म्हणजे जवळीक किती. एक वाढली म्हणून दुसरी कमी होत नाही. ज्या शिक्षकांबद्दल पोरं दोन्ही जास्त आहे म्हणतात तिथे शिकणंही बरं चाललेलं असतं. आणि तुमच्यासाठी महत्त्वाचं म्हणजे, नवीन शिक्षकांकडे जवळीक सहसा पहिल्यापासून असते, पकड मात्र सवयीने आणि अनुभवाने काही वर्षांत येते. तेव्हा तुमची गाडी काही जगावेगळ्या रस्त्याने चाललेली नाही.

मैत्री केली हे चुकलं का, तर जीव लावलात ते अजिबात चुकलं नाही. पण ती मैत्री नक्की कोणाशी होती ते एकदा आठवून बघा. सुट्टीत टेबलाभोवती कोण असायचं? मी पैजेवर सांगते, तीच आठ-दहा पोरं. बोलकी, हजरजबाबी, ज्यांना मोठ्यांशी बोलायची भीती वाटत नाही अशी. उरलेला वर्ग बाकावर बसून बघत होता, त्यांच्या भाषेत ते टेबलाजवळचे म्हणजे मॅडमचे चमचे. मैत्रीची भानगडच ही आहे, ती सगळ्यांशी सारखी होऊच शकत नाही, आपल्यालाही काही माणसं जास्त आवडतात त्याला इलाज नाही, पण वर्गात बसलेलं पोर रोज मोजत असतं की कोणाला किती वेळा हाक मारली, कोणाची उशिरा आलेली वही घेतली आणि कोणाची परत फिरवली. शिक्षक कडक आहे याबद्दल पोरं कुरकुर करतात आणि विसरतात. शिक्षकाने पार्शलिटी केली हे दहावी होऊन वीस वर्षं झाली तरी नावानिशी आठवतं, कोणत्याही जुन्या बॅचच्या गेट टुगेदरला जाऊन ऐका.

आणि रागवू नका, पण पत्र वाचताना मला वाटलं की पोरांनी आपल्याला चांगलं म्हणावं ही तुमची गरज जरा जास्तच होती. नवीन नोकरीत असते तशी, त्यात पाप काही नाही. फक्त ती गरज पोरांनी भागवायची म्हटलं की नियम आपोआप ढिले पडतात, कारण नियम लावला की कोणीतरी नाराज होणार. मग एक दिवस अचानक मार्क कापले जातात आणि पोरांना कळतच नाही की हे आजच का. त्या मुलाचा प्रश्न आगाऊ होता, मान्य, विचारायची पद्धत तर वाईटच होती. पण प्रश्न म्हणून बघितलात तर तो अगदी खरा होता. नियम कधी लागू होतो आणि मैत्री कधी, हे त्याला कोणी सांगितलंच नव्हतं.

आता वर्ग गप्प झालाय त्याबद्दल. अमेरिकेत जेकब कूनिन म्हणून मानसशास्त्रज्ञ होते, ते शिकवत असताना एक विद्यार्थी पेपर वाचत बसलेला, त्याला त्यांनी सुनावलं आणि त्यांच्या लक्षात आलं की ज्यांना काहीच बोललो नाही ते बाकीचे सगळेसुद्धा एकदम ताठ बसले. तिथून त्यांनी हा विषय धरला, एकाला रागावलं की बाकीच्यांवर काय परिणाम होतो. १९५८ मध्ये त्यांचं आणि त्यांचे सहकारी गम्प यांचं बालवाडीतल्या मुलांवरचं काम आलं आणि त्यात दिसलं ते फार कामाचं आहे: काय करायचं नाही आणि त्याऐवजी काय करायचं हे स्पष्ट सांगितलं की बघणारी मुलं ऐकतात. तेच चिडून, लागेल असं बोललं तर बघणारी मुलं घाबरतात, अस्वस्थ होतात, पण जास्त ऐकतात असं काही नाही. तुमच्या नववीचं हेच झालंय. त्यांना गृहपाठाचा नियम समजलेला नाही, त्यांना एवढंच समजलंय की मॅडमचा पारा कधीही चढू शकतो आणि तेव्हा समोर आपण नसलेलं बरं. सरांना ही शांतता दिसते आणि ते खूश होतात. तुम्ही मात्र खूश नाही आहात, म्हणूनच पत्र लिहिलंत ना.

माफी मागा. यात मला काही शंका नाही. फक्त कशाची मागायची ते नीट ठरवून घ्या, कारण तुम्हाला भीती आहे ती सगळी सरमिसळ झाल्यामुळे आहे. मार्क कापले त्याची माफी नाही, तो नियम होता. "तुझं काही होणार नाही" याची माफी. अपमान सगळ्यांसमोर झालाय तर तेवढं एक वाक्यही सगळ्यांसमोरच व्हायला हवं, कोपऱ्यात बोलावून केलेली माफी त्या वर्गाला दिसत नाही. तास सुरू करताना, फळ्याकडे वळायच्या आधी, साध्या आवाजात: "त्या दिवशी मी तुला जे बोलले ते बोलायला नको होतं, ते चुकीचं होतं. गृहपाठाचे मार्क कापलेत ते कापलेलेच राहतील, आणि या पुढे ते सगळ्यांचे कापले जातील." बास. पुढे लगेच धडा सुरू. "पण तूसुद्धा असं बोलायला नको होतंस" हे शेपूट लावू नका, ते लावलं की पोरांना फक्त शेपूटच ऐकू जातं. डोळ्यांत पाणी वगैरे आणू नका, तो आता काहीतरी बोलेल म्हणून त्याच्याकडे बघत उभ्या राहू नका, त्या वयाचा मुलगा तीस-चाळीस जणांसमोर "इट्स ओके मॅडम" म्हणणार नाहीये आणि त्याने म्हणावं अशी अपेक्षा करणं म्हणजे त्याच्यावर अजून एक ओझं. आधी तुम्हीच का, असं मनात येईल. कारण मार्क तुमच्या हातात, हजेरी तुमच्या हातात, तो समेट करायला आला तरी बाकीच्यांना तो लोटांगण घालतोय असंच दिसणार.

पोरं डोक्यावर बसतात ती नियम आज आहे उद्या नाही असं असलं की. माफीने नाही बसत.

बरं, माफी झाली की तुम्हाला वाटेल आता त्याच्याशी गप्पा मारून त्याला परत आणू. इथे थांबा. गप्पांनी तो येणार नाही, उलट वर्गाला वाटेल मॅडम आता त्याला मस्का लावतायत आणि त्यालाही तेच वाटेल. माझं म्हणणं असं आहे की त्याचा तुमच्याशी धागा जोडला जाईल तो त्याच्या वहीतून. तुम्ही गणिताच्या मॅडम आहात, तुम्ही त्याला म्हणालात तुझं काही होणार नाही, आणि ते खोटं होतं हे तुम्ही फक्त एकाच ठिकाणी सिद्ध करू शकता.

त्या चाचणीतलीच गणितं घ्या. तुम्ही लिहिलंय की दोन्ही (a + b)² सारख्या विस्ताराची होती आणि दोन्हीकडे तो बेरजेचा वर्ग म्हणजे वर्गांची बेरीज, a² + b², असं करून मोकळा झाला. मधला दुप्पट गुणाकार, 2ab, गायब. म्हणजे दोन चुका नाहीयेत मॅडम, एकच चूक आहे, दोनदा केलेली, आणि ती इतकी कॉमन आहे की जगातल्या प्रत्येक गणिताच्या शिक्षकाने ती बघितलीये. ज्याला काहीच येत नाही तो अशी सातत्याने एकाच पद्धतीने चूक करत नाही, त्याच्या डोक्यात नियम आहे फक्त चुकीचा आहे. शून्याच्या खाली "अभ्यास कर" लिहून त्याला यातलं काय कळलं? त्याऐवजी पेपरच्या कडेला एवढंच लिहा: "(२ + ३)² तुझ्या पद्धतीने करून बघ, मग आधी बेरीज करून वर्ग कर. दोन्हीकडे सारखं आलं का?" तो करेल, एकीकडे १३ येतील आणि दुसरीकडे २५, आणि मधले १२ कुठे गेले हे शोधायला त्याला तुमची गरज लागेल. हे त्याच्या अपमानापासून लांबचं, स्वच्छ असं काहीतरी आहे ज्यावर तुम्ही दोघं बोलू शकता.

शून्य तर आधीच लिहून झालंय, पण या पुढे अशा टिप्पणीशेजारी मार्क लिहू नका. तुमच्या रजिस्टरमध्ये लिहा, पेपरवर नको. रूथ बटलर या संशोधक बाईंनी १९८८ मध्ये हे तपासलं होतं, काही मुलांना नुसते मार्क, काहींना नुसती टिप्पणी, काहींना दोन्ही. नुसती टिप्पणी मिळालेल्यांचं काम सुधारलं आणि गोडीही टिकली, दोन्ही मिळालेल्यांना टिप्पणीचा तेवढा फायदाच झाला नाही. आकडा दिसला की पोर बाकीचं वाचत नाही, आपण मोठी माणसंही रिझल्टच्या कागदावर आधी आकडाच शोधतो की.

आणि एक वाक्य अजून लिहा, तुमच्या शब्दांत, मी सांगते म्हणून कॉपी करू नका. अमेरिकेत डेव्हिड यीगर, जॉफ्री कोहेन वगैरे मंडळींचा २०१४ मध्ये एक अभ्यास आलाय. सातवीच्या मुलांचे निबंध शिक्षकांनी नेहमीसारखे भरपूर दुरुस्त्या करून परत दिले, पण काहींच्या निबंधावर एक चिठ्ठी जास्तीची, साधारण अशा अर्थाची की मी एवढ्या दुरुस्त्या दिल्यात कारण माझ्या अपेक्षा मोठ्या आहेत आणि तू तिथे पोचशील हे मला माहितीये. त्या चिठ्ठीवाल्या मुलांपैकी निबंध पुन्हा लिहून देणारे जास्त निघाले, आणि सर्वात जास्त फरक कृष्णवर्णीय मुलांमध्ये पडला, त्यातही ज्यांचा शाळेवरचा विश्वास कमी होता त्यांच्यात. लक्षात घ्या, दुरुस्त्या कमी केल्या नव्हत्या. गोड बोलून काम भागवलं नव्हतं. तुमच्या बाबतीत मला हीच धास्ती वाटते की आता अपराधीपणाने तुम्ही त्याचं चुकलेलंही बरोबर म्हणाल, उशिरा दिलेली वही घ्याल, सोपं गणित त्याच्यासाठी राखून ठेवाल. ते तो ओळखेल. नववीतली पोरं कीव बरोब्बर ओळखतात, आणि मॅडमला खरंच वाटतं माझ्याकडून होणार नाही असा त्याचा अर्थ लावतात.

दुसरा धोका याच्या उलटा, तुम्ही त्याला टाळाल. जाणूनबुजून नाही, पण नजर त्या बाकावरून घसरत पुढे जाईल. ब्रॉफी आणि गुड यांनी १९७० मध्ये पहिलीच्या वर्गात बसून नोंदी केल्या होत्या तेव्हा दिसलं होतं की ज्या मुलांकडून शिक्षकांना फारशी आशा नसते, त्यांचं उत्तर चुकलं की शिक्षक लवकर सोडून देतात, तेच हुशार मुलाला मात्र प्रश्न फिरवून विचारतात, अजून एक संधी देतात. शिक्षक वाईट नव्हते, त्यांना कळतही नव्हतं. तुम्हाला कळणार नाही म्हणून एक करा, फोनवर तुमच्याच एका तासाचा आवाज रेकॉर्ड करा आणि घरी ऐका (पोरांना आधी सांगून, आणि ऐकून झालं की डिलीट). पहिल्यांदा ऐकताना जीव नकोसा होतो, स्वतःचा आवाज कोणालाच आवडत नाही, पण प्रश्न विचारल्यावर तुम्ही किती वेळ थांबता ते घड्याळ लावून बघा. मेरी बड रो यांनी १९७० च्या दशकात हेच मोजलं तर शिक्षक सरासरी जेमतेम एक सेकंद थांबत होते. तीन सेकंद किंवा जास्त थांबायला लावलं तर उत्तरं लांब आणि विचार करून यायला लागली, "माहीत नाही" कमी झालं, आणि कधीच न बोलणारी मुलं बोलायला लागली. तीन सेकंद ऐकायला काहीच नाही, वर्गात उभं राहून बघा, युग वाटतं. मागच्या बाकावरून यायचं उत्तर साधारण त्याच तीन सेकंदांत तयार होतं, आणि आपण तेवढ्यात पहिल्या बाकावरच्या हात वर केलेल्या मुलीला "हां, सांग" म्हणून मोकळे.

त्याला पहिला प्रश्न विचाराल तो त्या १३ आणि २५ वाला विचारा, ज्याचं उत्तर त्याच्याकडे आहे हे तुम्हाला आधीच माहीत असेल. काही आठवडे जातील. काहीच घडत नाहीये असं वाटेल. तो "हो", "नाही" एवढंच बोलेल, बोलू दे.

गृहपाठाचं थोडक्यात. नियम एकच ठेवा, फळ्यावर लिहा, आणि महिनाभर कोणालाही सवलत नाही, टेबलाजवळच्यांना तर मुळीच नाही. आणि गृहपाठ कमी द्या. पाच गणितं देऊन पाचही तपासणं हे वीस देऊन नुसती टिक मारण्यापेक्षा बरं, आपण तपासत नाही हे पोरांना दुसऱ्याच आठवड्यात कळतं आणि मग ती तरी का करतील.

आता फोनचं. पत्रात तुम्ही ओझरतं लिहिलंय की तो मुलगा गेल्या वर्षी रात्री अकरा-बाराला मेसेज करायचा, घरी भांडणं चालू आहेत, झोप येत नाही असं, आणि तुम्ही उत्तर द्यायचात. त्या दिवसानंतर एकही मेसेज नाही. तुम्हाला वाटतंय तो रुसलाय म्हणून मेसेज करत नाही. मला या सगळ्या पत्रात सगळ्यात जास्त काळजी याची वाटली, कारण रुसला तर रुसला, निवळेल, पण घरातलं बोलायला त्याच्याकडे बहुतेक एकच मोठं माणूस होतं आणि तो रस्ता बंद झालाय. रात्रीचे एकट्याचे मेसेज परत सुरू करू नका, कोणाशीच नाही, ते तुमच्याही हिताचं नाही आणि त्याच्याही. ग्रुप ठेवायचाच तर फक्त अभ्यासाचा, ठरलेल्या वेळेपर्यंत, आणि शाळेला माहीत असलेला. पण त्याला दिवसा, शाळेत, जिथे येता-जाता लोक दिसतील अशा ठिकाणी एकदा विचारा, "घरी कसं चाललंय? मध्ये तू सांगायचास म्हणून विचारते." सांगितलं तर ऐका, सल्ले देऊ नका. नाही सांगितलं तर "कधीही सांगू शकतोस, मी अमुक वाजेपर्यंत इथेच असते" एवढं बोलून विषय संपवा. फक्त "मी कोणाला सांगणार नाही" असं वचन चुकूनही देऊ नका. मारहाण आहे, किंवा तो स्वतःला काही करून घेईल असं वाटतंय, असं काही निघालं तर ते तुम्हाला त्याच दिवशी मुख्याध्यापकांना आणि समुपदेशक असतील तर त्यांना सांगावंच लागेल, आणि वचन देऊन मोडलं तर तो पुन्हा कोणावरच विश्वास ठेवणार नाही. आधीच म्हणा, "तुझ्या जिवाला धोका आहे असं वाटलं तर मला मदत मागावी लागेल, पण मागायच्या आधी तुला सांगेन."

आणि म्हणूनच आईवडिलांना आत्ता बोलावू नका. घरात आधीच भांडणं, त्यात शाळेतून फोन की तुमचा मुलगा उलट बोलतो आणि कोरा पेपर देतो, त्याचा हिशेब त्या रात्री कोणाकडून चुकता होईल ते तुम्हाला माहीत नाही. त्याच्या घरचं आधी थोडं कळू दे. पुढे बोलवायची वेळ आलीच तर त्याला आधी सांगून, काय बोलणार आहात तेही सांगून, आणि बोलायला सुरुवात त्याच्या वहीतल्या एखाद्या सुधारलेल्या पानापासून करा. तोपर्यंत असं एखादं पान तयार झालेलं असेल. नसेल तर बोलवायला अजून वेळ आहे.